दाराआडचा कोरा झाडू

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भाडेमदत कचेरीच्या तपासनीस ब्रिटा ओस्टबीने अमेरिकेतल्या डुलुथमधल्या टेकडीवरच्या त्या घराच्या वरच्या मजल्याचं दार ढकललं, तेव्हा दाराआड एक कोरा झाडू उभा होता. ओट्यावर मिठाचा डबा होता आणि शेजारी मक्याचा पाव, एक तुकडा मोडलेला. घर रिकामं असल्याचं अर्जात लिहिलं होतं.

तिच्या मागे घरमालक आर्वो निएमेला होता आणि त्याच्या मागे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, वर्लीन टब्स. वर्लीनचं वय त्रेसष्ट. सरकारी भाडेमदतीचं व्हाउचर तिला सात वर्षं यादीत थांबल्यावर गॅरी शहरात मिळालं होतं. ते घेऊन ती सरोवरांच्या या टोकाला आली होती, कारण थोरली बहीण मोझेल इथे होती आणि मोझेलची नजर दिवसागणिक विझत चालली होती. हे घर मोझेलच्या दारापासून दोन गल्ल्यांवर होतं.

व्हाउचर दुसऱ्या गावातही चालतं, पण ठरलेल्या मुदतीत घर मिळालं तरच. चार महिन्यांत वर्लीनने अठ्ठावीस घरमालकांना फोन केले. बहुतेकांनी व्हाउचर हा शब्द ऐकला की जागा कालच गेली असं सांगितलं. आर्वोने तसं सांगितलं नाही. त्याने एवढंच विचारलं की बाई, तुम्ही रात्री पियानो वाजवता का. त्याच्या घराचा अर्ज कचेरीत पोचला तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते. नियमाप्रमाणे निर्णय लागेपर्यंत ते दोन दिवस थांबवून ठेवले गेले. होकार आला तर घर. नकार आला की ते दोन दिवस पुन्हा चालू होणार, आणि दोन दिवसांत या गावात कुणाला घर मिळत नाही.

त्या थांबलेल्या काळात वर्लीन मोझेलच्या सोफ्यावर राहत होती. सकाळी धुकं सरोवरावरून वर चढायचं आणि रस्ते एकेक करून पुसून टाकायचं. खाली कुठेतरी लोहखनिजाचं जहाज भोंगा द्यायचं, उचलपूल त्याला उत्तर द्यायचा. जहाज मात्र दिसायचं नाही. मोझेल म्हणायची, आता सगळ्यांनाच माझ्यासारखं दिसतंय, बरं झालं.

मंगळवारी दुपारी वर्लीनने आर्वोकडून किल्ली मागून घेतली. जुना झाडू नव्या घरात न्यायचा नाही, त्याच्याबरोबर जुन्या घराची कटकट येते. कोरा झाडू, मीठ आणि पाव आधी आत जायला हवेत, परक्याचं पाऊल पडण्याआधी. मिसिसिपीतून उत्तरेला येताना आईने असंच केलं होतं आणि गॅरीत वर्लीननेही. तिथे दरवर्षीच्या तपासणीला ती पाव भाजून ठेवायची आणि तपासनीस दोन तुकडे खाऊन जायचा. पण तिथे ती भाडेकरू होती. इथे अजून कुणीच नव्हती, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

झाडू ठेवल्यावर तिने पावाचा एक तुकडा मोडून खाल्ला आणि कोट अंथरून जमिनीवर जरा टेकली. खिडकीत नुसता पांढरा उजेड होता. स्वप्नात आई त्याच खोलीत झाडत होती. झाडूखालून केराऐवजी पाणी सरकत होतं, निळं, थंड, आणि आई म्हणत होती, पाय वर घे गं. वर्लीनने पाय वर घेतले. खोली हळूच सुटली आणि तरंगत मोझेलच्या दाराशी लागली. जाग आली तेव्हा चार वाजले होते.

ब्रिटाने शेगडी पेटवून पाहिली, नळ सोडले, धुराचा गजर वाजवून पाहिला. झोपायच्या खोलीतली खिडकी वर केली, ती वरच राहिली. आर्वोने ती रविवारीच दुरुस्त केली होती. कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा झाल्या. मग ती ओट्यापाशी आली.

"इथे कुणी राहतंय का?"

"माझ्या घरात भूतही भाडं दिल्याशिवाय राहत नाही," आर्वो म्हणाला.

ब्रिटा हसली नाही. तिने वर्लीनकडे पाहिलं. मंजुरीआधी भाडेकरू राहायला आला तर अर्ज बाद होऊ शकतो, हे तिने शांतपणे सांगितलं. तिचा सूरही वाईट नव्हता. "मॅडम, तुम्ही इथे झोपला होतात?"

आर्वो खिडकीकडे बघू लागला. नाही म्हणणं सोपं होतं. पण मीठ आत गेलं होतं, पाव मोडला होता, आणि या घरातला पहिलाच शब्द वर्लीनला खोटा बोलायचा नव्हता.

"हो," ती म्हणाली. "काल दुपारी. दोन तास. कोटावर."

ब्रिटाने ते तसंच लिहून घेतलं, दोन तास आणि कोटसुद्धा. निर्णय आपल्या हातात नाही, साहेब बघतील, असं म्हणून ती जिना उतरली.

मोझेलने सगळं ऐकून घेतलं आणि कॉफीचा कप चाचपत खाली ठेवला. "सात वर्षांचं मुसळ केरात, आणि तेही कोऱ्या झाडूने. नाही म्हणायला तोंड नव्हतं तुला?"

"आईने खोलीतच ऐकलं असतं."

मोझेलने स्वप्नातल्या पाण्याचा रंग कोणता होता ते विचारलं. वर्लीनने सांगितला. मोझेलने तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

गुरुवारी कचेरीतून कळलं की फाइल साहेबांच्या टेबलावर आहे. आर्वोनेही फोन करून पाहिला. बाईंनी माझं घर फुकट झाडून दिलं, याला राहणं म्हणतात का, असं त्याने विचारलं. त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांपर्यंत निर्णय आलेला नव्हता. मुदतीचे ते दोन दिवस अजून थांबलेलेच होते. धुकं तिसऱ्या रस्त्यापर्यंत चढलं होतं, झाडू दाराआड होता, आणि किल्ली आर्वोने परत मागितली नव्हती.