अनिता पाण्यावर उभी राहिली

निघोज्याच्या अनिताला पाण्याची भीती कधीच नव्हती. माहेरी तिच्या वडिलांनी, गेनूअण्णांनी, पाठीला वाळका भोपळा बांधून तिला लहानपणीच विहिरीत सोडलं होतं, आणि थोड्याच दिवसांत भोपळा काठावर ठेवून ती भावांच्या बरोबरीनं कठड्यावरून उड्या टाकायला लागली होती. भीती होती ती लोकांच्या नजरेची, आणि तीही अलीकडची.

चाकणच्या एका कारखान्यात ती प्रेसवर होती. पत्रा सरकवायचा, मशीन दाबेल, तुकडा काढायचा, पुढचा पत्रा सरकवायचा. एका पाळीत मशीन थांबायला हवी होती तेव्हा थांबली नाही, आणि उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, गेली. जखम भरली. कंपनीनं तिला पॅकिंगला बसवलं. पण हात ओढणीखाली गेला तो गेलाच. हळदीकुंकवाचं वाण डाव्या हातानं घेणं बरं दिसत नाही म्हणून तिनं जाणंच सोडून दिलं. नवरा नवनाथ कामगारांची बस चालवायचा. माणूस सरळ, शब्दानं कधी दुखावणारा नव्हे. पण ती पाण्याची कळशी उचलायला वाकली की हा धावत यायचा, आणि तेच तिला जास्त लागायचं.

त्या थंडीत पॅकिंगच्या बायकांनी सहल काढली. ठिकाण ठरलं पवनेच्या धरणाचा फुगवटा. काठावर तंबू, गरम कांदाभजी, समोर लोहगड आणि तिकोना. बायका फोटो काढण्यात गुंतल्या होत्या तेव्हा अनिताला पाण्यावरून एक बाई चालत येताना दिसली. म्हणजे पहिल्या नजरेला तसंच वाटलं. जवळ आल्यावर कळलं, पायाखाली लांबट, जाड फळी होती, हवा भरून ताठ केलेली, आणि हातात एक उंच वल्हं. ना होडी, ना बसायला जागा. बाई ताठ उभी, जणू बांधावरून घरी निघाली आहे.

ती योगिनी. पूर्वी हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करायची, मारुंजीला भाड्याच्या खोलीत राहायची. सुट्टीत इकडे यायला लागली आणि शेवटी इथंच राहिली. आता ती लोकांना असल्या फळीवर, म्हणजे बोर्डवर, उभं राहून वल्हवायला शिकवायची. तिनं बायकांना विचारलं, कुणाला येऊन बघायचंय का. सगळ्या हसल्या, एकमेकींना पुढं ढकलू लागल्या. अनिता कुणी न ढकलता उठली. योगिनीनं फक्त एवढंच विचारलं, की पोहता येतं का. येतं, म्हणाली. मग लाइफ जॅकेट चढवताना ओढणी काढावी लागली आणि हात उघडा पडला. योगिनीनं तो पाहिला, आणि जॅकेटचा पट्टा आवळून दिला.

आधी गुडघाभर पाण्यात. बोर्डला बांधलेली दोरी घोट्याला अडकवली, म्हणजे पडलं तरी बोर्ड सोडून जाणार नाही. मग बोर्डवर गुडघे टेकून थोडं वल्हवणं. वल्ह्याचं पातं किंचित वाकडं असतं. अनितानं ते खोऱ्यासारखं आपल्याकडे वळवून धरलं होतं, योगिनीनं फिरवून दिलं. वाक पुढच्या बाजूला हवा. मग एकेक पाऊल उचलून उभं राहायचं, बोर्डच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय, गुडघे सैल. "पायाकडं बघायचं नाही," योगिनी म्हणाली. "पल्याडच्या काठाकडं बघायचं."

अनितानं पायाकडं नाही बघितलं, हाताकडं बघितलं, आणि धप्पकन पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. पाणी गार होतं, नाकातोंडात गेलं, काठावर हशा पिकला. त्यानंतर केव्हा तरी तिनं मान वर केली, समोरच्या डोंगरावर नजर ठेवली, आणि पाय थरथरत का होईना, उभी राहिली. खाली पाणी हलत होतं आणि त्यावर ती होती. काठावरचं हसणं थांबलं.

पण वल्हवायला गेली तेव्हा खरी अडचण कळली. डाव्या बाजूला वल्हवताना उजवा हात वर असतो, तळव्यानं नुसतं दाबलं तरी चालतं. उजव्या बाजूला वल्हवायचं तर उजव्या हातानं खाली दांडा पकडायचा, आणि तिथं पकडायला बोटंच कमी. दांडा फिरायचा, निसटायचा. मग ती एकाच बाजूनं वल्हवत राहिली आणि बोर्ड घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरत राहिला. काठावर आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना सबंध वाटभर ती आपल्या उघड्या हाताकडं बघत होती, आणि ओढणी पिशवीतच राहिली आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

पुढच्या सुट्टीला पुन्हा जायचं म्हणाली तेव्हा नवनाथ जेवता जेवता थांबला. "एकदा हात दिलास," तो म्हणाला, "आता जीव द्यायचाय का?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. घास तसाच हातात राहिला. चुलीपाशी त्याची आई, सरुबाई, भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तिला पवाया येतंय न्हवं?"

"येतंय."

"आन् तुला?"

नवनाथला पोहता येत नव्हतं. विषय तिथंच संपला.

एवढं लांब कशाला, आपली इंद्रायणी घराशेजारी आहे, असं अनिताच्या मनात आलं होतं. तिनं योगिनीला फोन केला. योगिनी म्हणाली, एकदा काठावर जाऊन नीट बघ आणि मग सांग. अनिता गेली. पाण्यावर पांढरा फेस होता, त्यापुढं जलपर्णीची हिरवी गादी, पार वळणापर्यंत. देहूकडून येणारं हे पाणी सरुबाईच्या तरुणपणी लोक ओंजळीनं प्यायचे. आता त्यात पडायची कल्पनाही करवेना. गावाबाहेर खडी फोडायच्या मशीनजवळच्या खाणीतलं पाणी निळंशार होतं, पण कडे उभे, चढून यायला वाट नाही, आणि हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. योगिनीनं नीट बघायला का सांगितलं ते तिला तेव्हा कळलं. पाणी नुसतं सुंदर असून भागत नाही. उतरायला उथळ काठ हवा, जवळपास माणसं हवीत, धरणाच्या भिंतीपासून आणि दरवाजांपासून लांब राहायला हवं, गावच्या लोकांना विचारून उतरायला हवं, आणि वारा कुठून येतो ते आधी बघायला हवं. म्हणजे फिरून पवनेचा फुगवटाच.

मग सुट्टी आली की पहाटे नवनाथची मोटरसायकल तिला घेऊन तळेगाव, कामशेत करत पवनानगरकडं निघू लागली. नवनाथ काठावर दगडावर बसायचा आणि ती बाहेर येईस्तोवर हलायचा नाही.

पकडीचा प्रश्न अनितानं स्वतःच सोडवला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तिनं दांड्यावर गुंडाळल्या, जिथं उजवा हात येतो बरोबर तिथं, एकावर एक, उंचवटा होईल अशा. आता अंगठा एका बाजूनं आणि राहिलेली दोन बोटं दुसऱ्या बाजूनं त्या उंचवट्याला धरू शकत होती. पहिल्यांदा हाताचं साल निघालं. मग घट्टे पडले. योगिनीनं तिला शिकवलं की ओढायचं हातानं नसतं, पाठीनं आणि कमरेनं असतं. वल्हं पुढं रोवायचं आणि आपण त्याच्याकडं जायचं. एका सकाळी बोर्ड सरळ निघाला. डावीकडं चार, उजवीकडं चार, आणि मागं पाण्यावर दोरीसारखी रेघ. अनिता मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं की काठावरचा नवनाथ उभा राहिला, काही झालं की काय म्हणून.

वाऱ्याचंही ती शिकली. जाताना वाऱ्याच्या तोंडाला जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा आपला असतो. वारा फारच उठला तर हट्टानं उभं राहायचं नाही, गुडघ्यावर बसायचं, वल्हं आखूड धरायचं, आणि डोंगराच्या आडोशाला काठाकाठानं यायचं.

थंडी सरता सरता काठावरच्या तंबूवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून शर्यत ठेवली. पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून लोक आले. बायकांची फेरी वेगळी होती: समोरच्या काठाजवळ तरंगत ठेवलेल्या नारिंगी पिंपाला वळसा घालून परत अलीकडच्या काठावरच्या लाल झेंड्यांच्या रांगेपर्यंत यायचं. सगळ्यांच्या तोंडी तनुजाचं नाव होतं. चिंचवडची ही उंच मुलगी पोहण्याच्या स्पर्धा जिंकलेली होती आणि तिचा बोर्डही निमुळता, शर्यतीचा होता. अनिताचा योगिनीकडचा रोजचाच, रुंद, ठिगळ लावलेला.

नाव सांगायला गेली तेव्हा टेबलामागच्या गृहस्थाचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं आवाज मऊ करून सुचवलं, की ताईंसाठी काठालगतची छोटी फेरी वेगळी ठेवता येईल, बक्षीसही देऊ. मागं नवनाथ होता, सरुबाई होती, रांगेतल्या बायका होत्या. पूर्वीची अनिता तिथूनच मागं फिरली असती.

"माझी दोन बोटं कमी आहेत, दादा," ती म्हणाली. "पाणी काही कमी नाही केलेलं. सगळ्यांना आहे तेवढंच मला असू द्या."

त्यानं नाव लिहिलं.

शिट्टी वाजली आणि बोर्ड सुटले. तनुजा बाणासारखी पुढं गेली. तिच्यामागं दोघी-तिघी, मग अनिता. अनितानं घाई केली नाही. डावीकडं चार, उजवीकडं चार. पिंपाला वळसा घातला तेव्हा ती चौथी होती, आणि नेमका तेव्हाच लोहगडाच्या बाजूनं वारा सुटला. बघता बघता पाण्यावर पांढरे तुरे उठले. वारा आडवा होता आणि बोर्डना धरणाच्या बाजूला लोटत होता. एकजण पडली. दुसरी उभ्यानंच झुंजत राहिली आणि वाहत लांब गेली. सुरक्षेची बोट तिच्याकडं निघाली.

अनितानं गुडघे टेकले. समोर काठ दिसत होता, सरळ रेषेत जवळही वाटत होता. पण मधलं सगळं पाणी वाऱ्याच्या ताब्यात होतं. डाव्या हाताला डोंगराचा उतार पाण्यात उतरला होता आणि त्याच्या पायथ्याशी पाणी शांत, काळसर होतं. त्या बाजूनं जायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला, आणि लांबचा फेरा. तिनं बोर्ड तिकडं वळवला.

काठावर गलका झाला. ही बाई भलतीकडंच निघाली, असं कुणी तरी म्हणालं. नवनाथनं योगिनीकडं पाहिलं. योगिनीचा चेहरा उजळला होता.

आडोशापर्यंतचं अंतर अनिताला जन्माएवढं वाटलं. पाणी तोंडावर येत होतं, खांदे जळत होते, अंगठ्याजवळचा घट्टा फुटून दांडा चिकट झाला होता. तिनं काहीच मोजलं नाही. वल्हं रोवायचं, त्याच्याकडं जायचं. पुन्हा रोवायचं. आणि मग एकाएकी कानातला वारा थांबला. ती उताराच्या सावलीत आली होती. पाणी तेल ओतल्यासारखं सपाट. अनिता उठून उभी राहिली.

आता तिला कुणी अडवणारं नव्हतं. काठाकाठानं, झाडांच्या बुंध्यांजवळून, ती झपाझप येत राहिली. आत मोठ्या पाण्यात तनुजाही शेवटी गुडघ्यावर आली होती आणि जीव तोडून वल्हवत होती. पण ती प्रत्येक हातासरशी पुढं जायची आणि तितकीच बाजूला सरकायची. उताराचं टोक आलं. तिथून शेवटची झेंड्यांची रांग, आणि आता वारा अनिताच्या पाठीशी. तिनं वाऱ्यालाच पाठ दिली, शिडासारखी ताठ उभी राहिली आणि अंगात होतं नव्हतं ते सगळं वल्ह्यात घातलं. दोन्ही बोर्ड झेंड्यांकडं एकदम वळले. सगळा काठ ओरडत होता. अनिताला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिला फक्त तो लाल झेंडा दिसत होता, तो मोठा होत होता, आणि मग तो तिच्या मागं गेला.

तनुजा बोर्डभर मागं होती. ती पाण्यात उतरली, चालत आली आणि धापा टाकत म्हणाली, "ताई, तो आडोसा मला दिसलाच नाही." मग तिनं अनिताचा हात, तोच उजवा, आपल्या हातात धरून वर उचलला. अनितानं तो तसाच वर राहू दिला. काठावर पॅकिंगच्या बायका उड्या मारत होत्या. टेबलामागचे गृहस्थ सगळ्यांत जोरानं टाळ्या वाजवत होते.

सरुबाईनं सुनेच्या ओल्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "माझी सून हाय ही. निघोज्याची."

दुपार कलली, वारा पडला, माणसं पांगली. योगिनी बोर्ड पुसत होती. नवनाथ पाण्याच्या कडेला उभा होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. बराच वेळ घुटमळून त्यानं अनिताला विचारलं, की या फळीवर दोन माणसं मावतात का.

मावतात, ती म्हणाली. तिनं स्वतः त्याला लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले, आणि पुढं मांडी घालून बसवलं. नवनाथनं दोन्ही कडा घट्ट धरल्या. अनिता मागं उभी राहिली आणि वल्ह्यानं बोर्ड काठापासून सुटा केला. पाणी खोल झालं, तळाचे दगड दिसेनासे झाले. नवनाथ थोडा वेळ मान खाली घालून होता. मग त्यानं हळूच समोर बघितलं, तिकोन्यावर ऊन होतं.

"पार पल्याड नेतेस का?" त्यानं विचारलं.

"बस गुमान," अनिता म्हणाली, आणि वल्हं रोवलं.