दोघींनी लिहिलेली विधवा

चोमा शहरातल्या छोट्याशा रेडिओ केंद्रावर लुयांदो दर गुरुवारी एका पुस्तकाबद्दल बोलायची. एरवी ती शाळेत शिकवायची. त्या दिवशीचं पुस्तक म्हणजे चोल्वे आणि माइन्झा या मावसबहिणींनी मिळून लिहिलेल्या भयकादंबरीचा दुसरा भाग.

"बाई, भुताबद्दल हवं तेवढं बोला," केंद्रप्रमुख हामूंगा दारातच म्हणाले, "पण त्या विधवेला डोक्यावर घेऊ नका. लोक म्हणतात, आमच्या बायका बिघडतील."

"बिघडल्या तर माझ्याकडे पाठवा," म्हणत लुयांदो माइकसमोर बसली.

ती स्वतः विधवा होती. नवरा गेल्यावर दीर 'भावाचं ते आमचं' म्हणत पलंगापासून पातेल्यांपर्यंत सगळं ट्रकात भरायला लागले, तेव्हा ती उंबऱ्यात आडवी पडली होती. घर राहिलं, दीर तुटले.

"पहिल्या भागात ही विधवा, न्चिमुन्या, नवऱ्याच्या भुताला भिऊन घर सोडते," ती सांगू लागली. "तेव्हा मी पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. या भागात ती परत येते. भूत दार ठोठावतं, तर आतून म्हणते, 'मेलायस ना? मग मेल्यासारखा राहा!' घर बळकावायला आलेला दीरही नुसता दुष्ट नाही. भावाच्या भुताला घाबरून तो तिच्याच अंगणात येऊन बसतो. कीवही येते, रागही येतो. दोघींच्या लिखाणातला सांधा मात्र दिसतो. एका प्रकरणात ठार बहिरी असलेली सासू पुढच्यात दाराआडून कुजबुज ऐकते. बहिणींनो, एकमेकींचं वाचत जा!"

फोन वाजला. आवाज तिच्या थोरल्या दिराचा होता.

"वहिनी, हे पुस्तकाचं चाललंय की आमचं?"

लुयांदो माइककडे झुकली. "भावजी, पुस्तक वाचलंत?"

"नाही."

"मग त्यातला दीर तुम्हीच, हे कोणी सांगितलं?"

पलीकडे दिराने फोन आपटला. काचेपलीकडून हामूंगा हातवारे करून थांबायला सांगत होते. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि न्चिमुन्या दिराला हाकलते ते पान सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"पुढच्या गुरुवारी माफी मागावी लागेल," ती बाहेर येताच हामूंगा म्हणाले.

"कार्यक्रम काढून घ्या, साहेब. माफी नाही मिळायची."

कार्यक्रम खरंच गेला. पुढच्या गुरुवारी लुयांदो बाजारात टोमॅटोवाल्या बायकांमध्ये एका उलट्या क्रेटवर बसली आणि मोठ्याने त्याच कादंबरीचं पहिलं पान वाचू लागली.

"जोरात, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. "आम्हालाही घाबरू दे की!"