घरातल्या घरात

वासरू नेमकं धनलक्ष्मीच्याच कोपराशी जायचं. गोठ्यात बाकीचेही घामाघूम असत, पण त्यांना सोडून ते तिचा कोपर चाटत राही. घाम वाळला की तिच्या कातडीवर मिठाची बारीक पांढरी रेघ उमटते. ती पुसली जाईपर्यंत खडबडीत जीभ फिरायची आणि पोर खिदळायची. खिदळली की खोकायची.

धनलक्ष्मी अकरा वर्षांची. तिच्या छातीतला कफ डिंकासारखा चिकट, आणि जेवताना गोळ्या घेतल्या नाहीत तर तेल-तूप तिला पचत नाही. हा आजार तिच्या जन्मापासूनचा आहे; घामातलं जास्तीचं मीठही त्याचंच. हेब्बाळच्या तळ्यापलीकडे, काचेच्या इमारतींच्या सावलीत तिचा बाप कल्लाप्पा मेथी-कोथिंबीर लावतो.

त्या सकाळी महानंदा लेकीला बाजेवर पालथी घालून, ओंजळीसारखा हात करून तिच्या पाठीवर थापट्या मारत होती. ओसरीवर गंगव्वा पान जुळवत बसली होती.

"बडीव, बडीव. भाकरी थापताना कवा एवढा जोर लावला न्हाईस."

"अज्जी, ह्यानं कफ सुटतो."

"भातावर एवढं तूप वततीस, मग कफ हुईल न्हाई तर काय?"

"डॉक्टरनीच वत म्हनून सांगितलंय."

"त्यो डॉक्टर तूप इकतो काय गं?"

धनलक्ष्मी उशीत तोंड घालून हसली.

गंगव्वा महानंदाची आज्जी आणि सासूही. महानंदाला तिच्या सख्ख्या मामाला, कल्लाप्पाला दिलेली. त्यांच्याकडे ही रीतच. आता महानंदाची थोरली शिवलीला वीस वर्षांची झाली, आणि तिचा मामा, म्हणजे महानंदाचा धाकटा भाऊ महांतेश, नवा शर्ट घालून चिक्कोडीहून आज्जीबरोबर आला होता. आज सुपारी फोडायची होती.

महानंदा उठली. मेथीची जुडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मोटर चालू करून आली, वाफा भरायच्या आत बंद करून आली.

"अक्का, स्वल्प बस की," महांतेश म्हणाला. "लगीन माजं आनि घाबरी तू."

"म्हांतेश, रक्त तपासून घे म्हनलं हुतं तुला."

"मला काय धाड भरल्या? कवा खोकताना बगितलंस?"

"मला तरी कुटं खोकला हाय? तुज्या मामाला तरी हाय का?"

महांतेशनं मामाकडं बघितलं. कल्लाप्पा खाली मान घालून मेथीची मुळं झाडत राहिला.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात नवराबायकोला समजावून सांगितलं होतं. दोष दोघांच्याही रक्तात आहे. एकट्याकडून आला तर मूल धडधाकट, दोघांकडून आला की धनलक्ष्मीसारखं. शिवलीलाच्या रक्तातही एकेरी दोष निघाला. तिला स्वतःला काही होणार नाही, पण नवरा घरातलाच केला तर धोका मोठा. हे महानंदाला पाठ होतं. पण सोयरीक मोडायची तर का मोडतो ते सांगायला हवं. ते सांगणं म्हणजे, आमचंही लग्न व्हायला नको होतं, असं म्हणणं. धनलक्ष्मीच्या देखत. दोन खोल्यांच्या घरात तिला न ऐकू जाणारी जागा नव्हती. म्हणून दोन वर्षं तोंडाला कुलूप.

"घरातली पोर घरात," गंगव्वा म्हणाली. "भायेरची कोन, कुटली! आन कुनाच्या घरात पोरं दुखनाईत हुत न्हाईत? माजी कल्लाप्पाच्या मागची दोन गेलीच की. दिष्ट लागली."

"काय हुत हुतं त्यास्नी?"

"खोकायची. अंगाला दूध लागायचं न्हाई. लंगोट दगडावर किती घासलं तरी त्याचा तेलकटपना..."

तिचं बोलणं तिथंच अडलं. बाजेवरच्या पोरीचे तसलेच लंगोट तिनंच धुतले होते. हातातलं पान तिनं उलटं केलं, परत सुलटं केलं.

"सरी, आसू दे," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "भाऊबंदास्नी आवतन गेलंय. आता मागं सरलो तर तोंड कुटं दाखवायचं? शिवलीला, आडकित्ता आन."

शिवलीला उंबऱ्यात आली. तिच्या हातात काहीच नव्हतं. ती आईकडं बघत होती.

महानंदानं तोंड उघडलं आणि बाजेकडं बघून मिटलं.

"बोल की आई," धनलक्ष्मी उठून बसत म्हणाली. "मला ठावं हाय. दवाखान्यात तुमी माज्या फुडंच बोलत हुता. मी झोपल्याली नव्हते."

"तुला वाईट वाटंल, बाळ."

"वाटलं तवाच. आता शिवक्काच्या पोराला मी बडवत बसू काय?"

कल्लाप्पाच्या हातातली जुडी सुटून मेथी ओसरीभर पसरली. ती कुणीच गोळा केली नाही.

महानंदा गंगव्वासमोर येऊन उभी राहिली.

"अज्जी, सुपारी परत पिशवीत ठेव. शिवलीला म्या म्हांतेशला देनार न्हाई."