इथं कोणी नर्स राहत नाही

वत्सलाबाईचे पाय संध्याकाळी चपलेत मावत नसत. डॉक्टरीणबाईंच्या सूतिकागृहात बारा बारा तास उभं राहायचं, बाळंतिणी सांभाळायच्या, आया आली नाही तर फरशीही आपणच पुसायची, आणि रजा मागितली की डॉक्टरीणबाई म्हणणार, "मग नवीनच बाई बघते हं मी." तिथून पूल ओलांडून, पंचवटीच्या भाजीबाजारातून पाय ओढत वस्तीत यावं, तर ओट्यावर माणसं हजर! कुणाला इंजेक्शन, कुणाची जखम, कुणाची सून अडलेली. बरं, नाही म्हणावं तर कुणाला? सगळी आपलीच. नवरा वारला तेव्हा याच लोकांनी कितीतरी दिवस तिला चूल पेटवू दिली नव्हती.

अशा बाईला एकोणऐंशी साली सरकारी दवाखान्यात कायमची नोकरी लागायची वेळ आली. निवड झाली होती. आठ तासांची पाळी, राहायला खोली, खोलीत स्वतःचा नळ. वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती, म्हणजे ही गेली की गेलीच. आता फक्त नेमणुकीआधीची पोलीस चौकशी व्हायची होती. खरं सांगायचं तर तिला नळाचंही एवढं नव्हतं. तिला झोप हवी होती. दार लावून, "सिस्टर" म्हणून कुणी हाक मारणार नाही अशी झोप.

पण हे तिनं वस्तीत कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. काम हातात पडेपर्यंत बोलू नये, नाट लागतो, असं तिची आई म्हणायची. आता बौद्धाचं घर, बापानं देवांचं गाठोडं कधीच गोदावरीत सोडलेलं, नाट कसला मानायचा! तिचं तिलाच हसू यायचं. तरी गप्प राहिली.

महिना गेला, काही कळेना. शेवटी एका दुपारी डॉक्टरीणबाईंची बोलणी खाऊन ती कचेरीत गेली. कारकुनानं चष्मा वर केला.

"बाई, तुमचा पत्ता खोटा निघाला. चौकशीला साध्या कपड्यातला पोलीस गेला होता. त्या वस्तीत अशी बाईच नाही म्हणाले लोक. यादीत तुमच्यामागं होती ती बाई रुजूसुद्धा झाली."

"अहो, लग्न झाल्यापासून राहते मी तिथं!"

"राहत असाल हो. पण जागा भरली आता."

पुलावर येईपर्यंत तिला वाटत होतं, रडू येईल. तेवढंही त्राण नव्हतं. संताप मात्र आला. कुणी केलं हे? आपण कुणाचं काय वाकडं केलं होतं? वस्तीतला एकेक चेहरा तिनं आठवला आणि प्रत्येकावर संशय घेतला.

ओट्यावर शेजारची म्हातारी विठाबाई बसली होती. छातीच्या दुखण्यासाठी तिला रोज सुई घ्यावी लागे. वत्सलाबाईनं स्टोव्ह पेटवला आणि सुई उकळायला ठेवली.

"तुला सांगायचंच राह्यलं बघ," विठाबाई म्हणाली. "मागं एक मेला आलता सायकलवर. तू कामाला गेलती. नर्सबाई कुठं राहती, घरात पुरुषमाणूस कोण हाय, शेजारी कोण कोण हाय... मी लगेच वळखलं!"

"काय ओळखलं?"

"नसबंदीवाला, दुसरं कोण! आणीबाणीत असंच नव्हते का येत? तूच नव्हतं का सांगितलं, असं कोणी विचारत आलं की मावशी, इथं कोणी राहत नाही म्हणायचं?"

सांगितलं होतं खरं. तेव्हा वस्तीतली नावं दे म्हणून माणसं सूतिकागृहापर्यंत तिच्या मागं लागली होती. तिनं एक नाव दिलं नाही, उलट घरोघर फिरून सगळ्यांना पढवलं होतं. विठाबाईचा मुलगा झुंबर, लग्न तोंडावर आलेला, वत्सलाबाईच्याच माळ्यावर लपून राहिला होता. आता त्याला मुलगी आहे.

"मग मी साऱ्या वस्तीला सांगून ठिवलं," विठाबाईचा चेहरा फुलला होता. "झुंबर बी तेच बोलला, भिकन बी तेच, पार पोरंसोरं बी. इथं कोणी नर्स राहत नाय! उन्हात हिंडला मेला, पाणी बी नाय दिलं त्याला. तुझ्यावर बालंट येऊ देऊ का आम्ही?"

सुई उकळली होती. वत्सलाबाईला वाटलं, ओरडावं, म्हातारीला गदागदा हलवावं, भांडं भिंतीवर फेकावं. एक वाक्य पुरलं असतं, म्हातारी कपाळ बडवत बसली असती. पण बोलायचं होतं तेव्हा आपण तरी कुठं बोललो होतो? तिनं औषध भरलं.

"अंग सैल सोडा, मावशी."

सुई झाली. पदर सावरत विठाबाईनं विचारलं, "अन् परत आला तर काय सांगायचं गं?"

"आता सांगा," वत्सलाबाई म्हणाली. "राहते म्हणावं. इथंच राहते."

विठाबाई समाधानानं उठली. तिच्या जागी पुढचा माणूस सरकून बसला, आणि वत्सलाबाईनं सुई परत उकळत्या पाण्यात टाकली.