पाच जणांची हंडी

मी टोपली बोलतेय. फळांची नाही, बाजाराची तर नाहीच. मी स्वयंपाक करणारी टोपली आहे. हसलात ना? आमच्या घरची म्हातारी कावुथाही अशीच हसली होती.

माझा जन्म केनियात, माचाकोसच्या टेकड्यांत, एका चिंचेखाली झाला. कावुथाची सून स्योंबुआ हिने मला घायपाताच्या दोऱ्यांनी विणलं. आत जुने स्वेटर आणि चिंध्या ठासून भरल्या, वर गुबगुबीत उशीचं झाकण बसवलं. माझं काम सोपं. मका आणि राजम्याचं इस्यो चुलीवर तासभर खदखदलं की हंडी उचलून माझ्या पोटात ठेवायची. पुढचे चार तास लाकूड नाही, कोळसा नाही. मी ऊब धरून बसते आणि दाणे शिजत राहतात.

हा सगळा खटाटोप त्या चिंचेसाठी होता. आमच्या टेकडीवरची बाकी झाडं कोळशाच्या पोत्यांत भरून शहरात गेली होती. उरली ही एक, आणि तिच्याही फांद्या चुलीत जायच्या. स्योंबुआ लग्न होऊन आली तेव्हा दुपारी टेकायला तीच सावली होती. ती तिला जाऊ द्यायची नव्हती.

"आई, बायकांच्या बचत गटातल्या बाई सांगत होत्या, सगळ्यांनी चूल कमी पेटवली तर हवा एवढी तापणार नाही," ती म्हणाली.

"हो तर! माझ्या तीन दगडांच्या चुलीने आभाळ तापलं, आणि शहरातल्या मोटारींनी काय थंडगार केलं?" कावुथा फणकारली. "आणि टोपलीतलं खायला मी काय कोंबडी आहे?"

खरी अडचण निराळीच निघाली. आमच्याकडे कुणाच्या घरी अन्न शिजतंय हे छपरावरच्या धुरावरून कळतं. तिसऱ्याच दिवशी शेजारची म्बिथे वाटीभर पीठ घेऊन दारात उभी. "दुपारभर धूर दिसला नाही गं. घरात काही नसेल तर लाजू नकोस."

कावुथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी इकडे इमानेइतबारे इस्यो शिजवतेय, आणि ती तिकडे रिकाम्या चुलीत ओलं लाकूड घालून नुसता धूर काढतेय! त्यासाठी चिंचेची फांदी तोडलेली पाहिली तेव्हा स्योंबुआ तीच फांदी घेऊन सासूपुढे उभी राहिली.

"आई, हंडीसाठी तोडली असती तर मी गप्प बसले असते. पण धुरासाठी?"

संध्याकाळी कावुथाने म्बिथेला बोलावून आणलं, माझं झाकण काढलं आणि वाफ तिच्या तोंडावर येऊ दिली. "बघून घे. उपाशी नाही आम्ही." त्यानंतर खोटा धूर बंद झाला.

ते दिवस फार सुखाचे होते. कावुथा, स्योंबुआ, तिचा नवरा न्झिओका, आणि म्विकाली, मुमो ही दोन मुलं. काठोकाठ भरलेली हंडी पोटात आली की मला दुसरं काही नको असायचं. मुमो माझ्यावर गाल टेकून विचारायचा, "झालं का गं?" त्या गालाची मला अजून आठवण येते.

मग दोन वर्षं मका पिकला नाही. न्झिओकाला मोंबासात काम मिळालं आणि चौघंही तिकडे गेली. निघताना स्योंबुआने माझ्यावरून हात फिरवला आणि सासूला म्हणाली, "आई, चिंच सांभाळा."

एकट्या म्हातारीची हंडी ती केवढी? माझ्यात ठेवली की भोवती पोकळीच पोकळी. तासाभरात कोमट व्हायची, दाणे कच्चेच. पुन्हा चूल, पुन्हा लाकूड, आणि वाकून लाकडं वेचणं आता तिच्याने होईना. कोळसेवाला मुसेम्बी मोटरसायकलवरून येऊन चिंचेचा बुंधा थोपटून जाऊ लागला.

"आजी, झाड द्या. वर्षभराचा कोळसा घरपोच टाकतो."

"आठवड्याने ये," ती म्हणाली. माझ्यामुळे वाचलेलं झाड आता माझ्याच रिकामेपणाने जाणार, या विचाराने मला मरून जावंसं वाटलं.

आठवडा संपला. त्या सकाळी कावुथाने मोठी हंडी काढली. पाच जणांचा मका, पाच जणांचा राजमा. एकटीसाठी! मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण भरली हंडी माझ्यात बसली आणि ऊब टिकली. मुसेम्बी कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

"आजी, झाडाचं काय?"

"आधी जेव."

त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं. "एवढं मऊ! कुठल्या कोळशावर शिजवलंत?"

"कुठल्याच नाही. आता कुऱ्हाड उचल आणि घरी जा."

तेव्हापासून रोज मोठीच हंडी चढते. म्बिथे येते, वाटसरू येतात, येणारा आपापला मूठभर मका आणि वाटेत वेचलेल्या चार काटक्या टाकतो. माझी वीण एका बाजूने उसवली आहे, उंदरांनी एक स्वेटर कुरतडला आहे. ऊब मात्र मी अजून सोडत नाही.

स्योंबुआ, तुझ्याकडे गॅस आहे, झटपट शिजतं म्हणे. शिजत असेल. तुझी चिंच उभी आहे, तिच्याखाली तुझी सासू रोज पाच ताटं मांडते, आणि त्यांतल्या चारांवर परकी माणसं जेवून जातात. एकदा तरी तुम्ही चौघं या.