छेदात बारा

बायको, आर्डिस, गेली त्या दिवशी वेन्डेल होलुब मेथडिस्ट चर्चच्या छपरावर कामाला होता आणि त्याचा फोन खाली ट्रकमध्ये होता. ऑगस्टचं ऊन होतं. छप्पर इतकं तापलं होतं की गुडघा टेकला की पॅंटमधून चटका बसे. दुपारी जेवायला तो खाली उतरला. फोनवर हॉस्पिटलचे तीन कॉल येऊन गेले होते, मेहुणीचे चार, आणि कॉलेजचा एक मेसेज होता. कॉलेजचा मेसेज त्यानं उघडला नाही. हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या बाईनं नाव विचारलं, नातं विचारलं आणि मग म्हणाली, "तुम्ही आत्ता गाडी चालवत नाही ना?" तेवढ्यावरून त्याला कळलं.

शाळेच्या स्वयंपाकघरात ट्रे लावता लावता आर्डिस खाली बसली होती, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव. वय छप्पन्न.

कॉलेजचा मेसेज त्यानं आठ दिवसांनी वाचला. 'स्वागत आहे, वेन्डेल. प्राथमिक बीजगणित, ऑनलाइन. वर्ग सोमवारी सुरू होईल.' फॉर्म आर्डिसनं भरला होता, गेली त्याच दिवशी सकाळी, एका हातानं अंडी परतत. वेन्डेलचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. यंदाचा हंगाम शेवटचा, पुढं शिडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. नगरपालिकेत इमारत तपासनिसाची जागा निघणार होती. त्यासाठी कॉलेजचा तपासनिसाचा कोर्स लागायचा, तो जानेवारीत सुरू व्हायचा, आणि त्यात शिरायचं तर आधी बीजगणितात सत्तर टक्के हवे होते. शाळेत असताना वेन्डेलला बीजगणितात मास्तरांनी दया करून काठावर पास केलं होतं. त्याला आता चाळीस वर्षं झाली.

"तू फक्त हो म्हण," आर्डिस म्हणाली होती. "बाकीचं मी बघते."

"आणि त्या क्ष-कडे कोण बघणार?"

"त्याच्याकडेही मीच बघते. अंडी खा."

हेच त्यांचं शेवटचं बोलणं.

आर्डिसची बहीण लव्होन दोन गल्ल्या पलीकडं राहायची. मातीनंतरच्या आठवड्यात ती रोज येऊन जाई. तिनंच विचारलं, "ते कॉलेजचं रद्द करून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको. तिनं भरलंय. राहू दे."

"तुला जमणार आहे का?"

"नाही."

"बरं," लव्होन म्हणाली आणि तिनं विषय सोडून दिला.

मग वेन्डेल रोज पहाटे पाचला उठून, कामावर जाण्याआधी दीड तास, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागला. लॅपटॉप आर्डिसचा होता. पासवर्ड तिच्या अक्षरात पिवळ्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवलेला होता. ओट्यावर लोकांची भांडी होती. मातीच्या आठवड्यात गावातल्या बायकांनी कॅसरोल, म्हणजे भांड्यातच भाजलेली जेवणं, आणली होती, हॅम-बटाट्याची, नूडल्सची, हिरव्या शेंगांची. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव होतं. त्यानं जेवण खाल्लं, भांडी धुतली, एकात एक घालून ठेवली. कुणाचं भांडं कुणाकडं परत करायचं हे काम आयुष्यभर आर्डिसनं केलं होतं. जाताना रिकामं भांडं कधी न्यायचं नाही, आत काहीतरी घालून न्यायचं, हे तिचं. वेन्डेलला फक्त अंडी करता यायची.

बीजगणितानं त्याला पहिले आठ आठवडे चांगलंच दमवलं. कंसाबाहेर वजा असला की आतल्या सगळ्यांची चिन्हं बदलतात, हे तो रोज रात्री पाठ करायचा आणि रोज सकाळी विसरायचा. चुकलं की पडद्यावर लाल फुली यायची. तीनदा चुकलं की मशीन म्हणायचं, 'असाच दुसरा प्रश्न सोडवून पाहू या.' त्या 'पाहू या'चा त्याला फार राग यायचा. सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं तो जुन्या पावत्यांच्या पाठीवर गणितं करायचा, आणि पेन्सिल इतकी जाड की वजा कुठला आणि भागाकाराची रेघ कुठली, त्यालाच कळायचं नाही. कोर्सच्या शिक्षिका थाओ मॅडम व्हिडिओत फळ्यावर लिहीत समजावून सांगायच्या, दिसायचा फक्त हात. तो व्हिडिओ थांबवून, मागं नेऊन, तीन-तीनदा ऐकायचा.

नवव्या आठवड्यात धडा आला रेषेचा चढ. आडवं किती गेलं आणि वर किती चढलं, त्याचा भागाकार. वेन्डेलनं व्हिडिओ अर्ध्यातच बंद केला. पस्तीस वर्षं छपरं घालताना तो दुसरं काय करत आला होता? त्यानं वीसच्या वीस प्रश्न सोडवले आणि वीसही हिरवे झाले. सकाळी सहाला त्यानं लव्होनला फोन लावला.

"कोण मेलं?" लव्होननं घाबरून विचारलं.

"कुणी नाही. मला चढ येतो."

"अरे, मग मला झोपू दे की," ती म्हणाली. पण फोन तिनं लगेच ठेवला नाही.

डिसेंबरात परीक्षा झाली. आधी कॅमेऱ्याला सगळी खोली दाखवायची, टेबलाखालची जमीन दाखवायची, मगच प्रश्न उघडायचे. चाळीस प्रश्न होते. कुठला बरोबर, कुठला चूक ते मशीननं सांगितलं नाही. दोन दिवसांनी फक्त आकडा आला. संपूर्ण कोर्सचे मिळून अडुसष्ट पॉइंट नऊ.

शनिवारी लव्होन बुटांवरचा बर्फ झटकत आत आली आणि त्याचा चेहरा बघून दारातच थांबली.

"किती?"

"अडुसष्ट पॉइंट नऊ."

"लागतात सत्तर."

"सत्तर."

लव्होननं कोट काढला नाही. "मग त्या मॅडमला विचार."

"काय विचारू? जरा कमी पडले, वरून थोडे घाला?"

"कुठं चुकलं ते विचार."

"चुकलं तिथं चुकलं. मशीन खोटं बोलत नाही."

"मशीनचं काय घेऊन बसलास. माझा वजनकाटासुद्धा खोटं बोलतो."

"तो खरं बोलतो, लव्होन."

"बघ, तोंड आहे की तुला. ते तिथं उघड." ती खुर्ची ओढून बसली. "एक सांग. एखाद्या बाईचा फोन आला, तू घातलेलं छप्पर गळतंय म्हणून. तू काय करतोस?"

"जातो."

"तिच्याशी भांडतोस?"

"नाही."

"अख्खं छप्पर उखडून काढतोस?"

"आधी वर चढून गळती कुठं आहे ते बघतो. बहुतेक वेळा एखादा खिळा असतो."

"मग?" लव्होन म्हणाली. तिनं स्वतःच कॉफी ओतून घेतली. थोड्या वेळानं म्हणाली, "आणि आर्डिसचं सांग तिला. माणूस आहे ती, समजून घेईल."

"नाही सांगणार."

"का?"

"आर्डिस गेली त्याचे मार्क मला नकोत."

लव्होननं कप खाली ठेवला. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण विचार."

थाओ मॅडम मंगळवारी दहा ते अकरा व्हिडिओवर भेटायच्या, आणि मार्कांची यादी बुधवारी दुपारी बंद होणार होती. वेन्डेल साडेनऊपासून तयार होऊन बसला. गुडघ्याचे पट्टे त्यानं घट्ट बांधले होते, छपरावर जाताना बांधायचा तसे. पडद्यावर बाई दिसली तेव्हा त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच तरुण निघाली.

"मॅडम, मी वेन्डेल होलुब. मला मार्क वाढवून नकोत. कुठं चुकलं तेवढं बघायचंय."

"बघू," ती म्हणाली. "आज सकाळपासून तुम्ही सातवे. आधीच्या सहांना वाढवूनच हवे होते."

तिनं त्याची उत्तरपत्रिका उघडली आणि दोघांनाही दिसेल अशी पडद्यावर आणली. पहिल्या दहांत तीन फुल्या होत्या. तिन्ही ठिकाणी कंसाबाहेरचा वजा. त्याबद्दल वेन्डेलला काही म्हणायचं नव्हतं. अकरा ते पंधरा मात्र एका ओळीत पाचही लाल होते, आणि ते चढाचे प्रश्न होते. हेसुद्धा येत नसेल तर मग काय येतं?

मॅडमनं पाचही उत्तरं एकेक करून वाचली. मग म्हणाली, "मिस्टर होलुब, इथं बरोबर उत्तर आहे एक छेद दोन. तुम्ही लिहिलंय सहा छेद बारा. पुढं एक छेद तीनला चार छेद बारा. दोन छेद तीनला आठ छेद बारा. पाचही ठिकाणी छेदात बारा. हे तुम्ही कुठून आणलंत?"

"छपरावरून."

"म्हणजे?"

"मी छपरं घालतो. आडवं बारा इंच गेलं की छप्पर किती इंच चढतं, तो त्याचा ढाळ. सहा चढलं तर सहा-बारा. चार चढलं तर चार-बारा. आमच्यात कुणी सहा-बाराला एक-दोन म्हणालं तर त्याला कुणी शिडी धरू देणार नाही."

"प्रश्नात लिहिलं होतं, अतिसंक्षिप्त रूप द्या."

"वाचलं होतं मी. हातानं बाराच लिहिले."

"आणि गृहपाठात?"

"गृहपाठात मशीननं हिरवे दिले. बारालाच."

ती मागं टेकली. "दिले असतील. गृहपाठात किंमत बरोबर असली की चालतं. परीक्षेत मी ते बंद ठेवते." मग तिनं एक कोरं पान उघडलं. "ही रेषा शून्य-एक या बिंदूतून जाते आणि सहा-सहामधून. चढ सांगा."

वेन्डेलनं पेन्सिल उचलली नाही. "दहा-बारा," तो म्हणाला, आणि स्वतःच थांबला. "पाच छेद सहा."

"वर्गात कागदावर परीक्षा घेते तेव्हा," मॅडम म्हणाली, "किंमत बरोबर आणि संक्षेप राहिला असेल, तर मी अर्धे मार्क देते. सगळ्यांना. मशीनला अर्धं कळत नाही. तुम्हालाही अर्धेच मिळतील, पूर्ण देणार नाही."

"अर्धे बरोबर आहेत," वेन्डेल म्हणाला.

प्रत्येक प्रश्नाला अडीच. पाचांचे साडेबारा, त्याचे अर्धे सव्वासहा. परीक्षेचं वजन कोर्समध्ये चौथा हिस्सा. सव्वासहाचा चौथा हिस्सा म्हणजे दीडच्या जरासा वर. तिनं कळा दाबायच्या आधीच त्याचा हिशोब झाला होता, पण तो बोलला नाही. आकडा पडद्यावर उमटू दिला. सत्तर पॉइंट चार सहा.

"झालात पास," ती म्हणाली.

वेन्डेल खाली वाकला आणि त्यानं गुडघ्यांचे पट्टे सैल केले. आधी डाव्याचा, मग उजव्याचा. तो वर आला तेव्हा मॅडम त्याच्या मागच्या ओट्याकडं बघत होती.

"ती एवढी भांडी? परीक्षेच्या व्हिडिओतही होती. तुम्ही जेवणं पुरवता की काय?"

"नाही. माझी बायको गेली ऑगस्टमध्ये. लोकांनी जेवण आणलं होतं. परत द्यायची आहेत."

मॅडमनं पडद्यावरच्या आकड्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत."

"नाही," तो म्हणाला. "ते वेगळं."

त्यानं लव्होनला फोन लावला.

"खिळाच होता," तो म्हणाला.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "किती?"

"सत्तर पॉइंट चार सहा."

"म्हणजे बुडता बुडता वाचलास."

"हो."

"आर्डिसनं सगळ्या गावाला सांगितलं असतं," लव्होन म्हणाली. "नव्वद सांगितलं असतं."

वेन्डेल हसला, आणि हसताना आपण रडतोय हे कळल्यावर त्यानं ते तसंच चालू दिलं. लव्होननं घाई केली नाही. शेवटी म्हणाली, "आणि माझं भांडं दे आता. नाताळ आलाय. निळं झाकण आहे."

"माहीत आहे. बुडाला नाव आहे तुझं."

त्याच दुपारी त्यानं तपासनिसाच्या कोर्सचा फॉर्म भरला. आयुष्यात स्वतः भरलेला पहिला फॉर्म, त्याला पाऊण तास लागला. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, या चौकटीत त्याच्या बोटांनी 'आर्डिस' लिहून टाकलं. त्यानं ते पुसलं आणि लव्होनचं नाव घातलं. फॉर्म गेला. जानेवारीच्या अकरा तारखेला वर्ग सुरू होणार, असं उत्तर आलं.

मग तो ओट्यापाशी गेला, भांडी एकातून एक सुटी केली आणि उलटी करून नावं वाचली. निळ्या झाकणाचं त्यानं बाजूला काढलं, आणि त्यात काय घालून न्यावं याचा विचार करून सहा अंडी उकडायला ठेवली.

बाकी सात भांडी अजून परत करायची आहेत, आणि आभाराचं एकही कार्ड लिहिलेलं नाही.