तेविसावी लेझीम

मी एक जुनी लेझीम आहे. शाळेतल्या माझ्या नव्या बहिणी पेटीत गपगार झोपतात, मला मात्र खुंटीवर क्षणभर चैन पडत नाही. वारा आला की मी वाजते, कुणी दार लोटलं की वाजते. मित्रांनो, अंगभर चकत्या असल्यावर उगी कसं राहायचं?

राहुरीच्या एका लोहारानं मला घडवलं आणि पुणतांब्याकडच्या एका शाळेत मी आले. गावच्या मिरवणुकीत सगळ्यांत खणखणीत आवाज माझा, असं लोक म्हणायचे. पुढं दांड्याला तडा गेला, बावीस नव्या लेझिमी आल्या आणि मी खुंटीला लागले.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर जामखेडकडची ऊसतोडीची टोळी गावात उतरली. त्यांच्यातली लंका शाळेत येऊ लागली. तिला लेझीम उरली नव्हती, म्हणून तिनं मला खाली काढलं, दांड्याला तार गुंडाळली, चकत्यांना तेल चोळलं. बघता बघता ती लेझमीचे सगळे हात शिकली. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

सव्वीस जानेवारी जवळ आली तसे सूर्यभान गुरुजी रांगा लावू लागले. बावीस मुली अकरा-अकराच्या दोन रांगांत नीट बसायच्या. आता झाल्या तेवीस. दोन रांगा केल्या, एक उरली. तीन केल्या, दोन उरल्या. चार केल्या, तीन उरल्या. दर वेळी उरणाऱ्यांत लंका असायचीच.

"पोरी, तू आपली बसून बघ. रांग बिघडतीय," गुरुजी म्हणाले.

अहो, बिघडली तर बिघडू द्या की! पण माझं कोण ऐकतो? मी परत खुंटीवर गेले. लंका दारात बसून सराव बघायची आणि तिच्या पायाची बोटं मातीत ठेका धरायची. ते बघून माझा जीव तीळतीळ तुटायचा.

एक दिवस गणिताच्या तासाला गुरुजींनी मूळ संख्या शिकवायला घेतल्या.

"बावीसला दोननं आणि अकरानंही भाग जातो. आता तेवीस घ्या. कशानं भाग जातो?"

"कशानंच न्हाई!" मुली ओरडल्या.

"असं कसं? एकानं जातो, आणि तेवीसनं जातो. बाकी कशानं नाही, म्हणून ती मूळ संख्या."

लंका उभी राहिली. "गुरुजी, एकानं भाग जातोय तर मंग एकच रांग करा की. कुनीच उरनार न्हाई."

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. "व्हय गं," ते हळूच म्हणाले. "शिकवतो मी, आन् मलाच दिसलं न्हाई." मग त्यांनी स्वतःच्या हातानं मला खुंटीवरून काढलं.

त्या सव्वीस जानेवारीला तेवीस जणींची एकच लांब रांग मैदानभर नागमोडी फिरली. शेवटी लंका आणि तिच्या हातात मी. दांडा कुरकुरत होता, पण मी अशी वाजले की हलगीवालाही वळून बघू लागला.

उन्हाळ्यात टोळी परत गेली. पुढच्या साली दुष्काळ पडला, ऊस वाळला आणि टोळी आलीच नाही. मुली पुन्हा बावीस. गुरुजी दोन रांगा लावायला निघाले, तेव्हा रांगेत सगळ्यांत पुढं नाचणारी चांगुणा आडवी आली.

"नगं गुरुजी, एकच रांग ऱ्हाऊ द्या. दोन केल्या आन् लंका आली तर उरंल की ती!"

म्हणून मित्रांनो, दार वाजलं की मी अजून दचकून वाजते. माझ्या चकत्यांना तेवढं तेल लावत जा, तिला मी गंजलेली दिसायला नको. आणि भागाकारात कुणी उरलं, तर त्याला वजा करण्याआधी एकदा रांग बदलून बघा.